शेवटचा शेक झाल्यानंतरचे पंधरा दिवस : स्तनाच्या कॅन्सरचे किरणोपचार, त्वचा आणि घर

अहिल्यानगर जिल्ह्यात स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालेली बाई किरणोपचारासाठी कुठं जाते, हे बहुतेक तिच्या तालुक्यावर ठरतं. अकोले, संगमनेर, कोपरगावकडच्या बायका नाशिक गाठतात. नेवासा, शेवगाव, पाथर्डीच्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात. पारनेर, श्रीगोंद्याला पुणं सोयीचं. जामखेडच्या बायकांना बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल जवळ पडतं, आणि ज्यांचे नातेवाईक मुंबईत आहेत त्या परळच्या टाटा मेमोरियलला. क्षेत्रफळानं हा राज्यातला सर्वात मोठा जिल्हा, १४ तालुक्यांचा. त्यामुळे उपचार एकीकडे आणि घर दुसरीकडे, ही इथली नेहमीची गोष्ट आहे.

हे सुरुवातीलाच सांगण्याचं कारण असं की किरणोपचारानं त्वचेवर जो परिणाम होतो, तो सर्वात जास्त दिसतो शेवटच्या दिवशी किंवा त्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत. म्हणजे रोज मशीनवर घेणारे तंत्रज्ञ, आठवड्याला तपासणारे डॉक्टर, ड्रेसिंग करणारी सिस्टर, हे सगळे मागे राहिलेले असतात. बाई गावी परतलेली असते, घरच्यांनी "सुटलो एकदाचे" असा श्वास सोडलेला असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तनाच्या खालच्या घडीत कातडी सुटायला लागते. घाबरून कुणी हळद लावतं, कुणी मेडिकलमधून ट्यूब आणतं. म्हणून या लेखात आम्ही त्या दिवसांवर जास्त थांबणार आहोत.

शेक म्हणजे काय, आणि कातडी का काळवंडते

आपल्याकडे बायका किरणोपचाराला 'शेक' म्हणतात, कुणी 'लाईट देणं' म्हणतं. शब्दामुळे वाटतं की काहीतरी गरम लावतात आणि त्यानं भाजतं. प्रत्यक्षात मशीनखाली झोपल्यावर काहीच जाणवत नाही. रोजचा डोस काही मिनिटांत होतो. किरण कॅन्सरच्या पेशींसाठी असतात, पण वाटेत त्वचा येते. त्वचेच्या वरच्या थराखाली नव्या पेशी सतत तयार होत असतात आणि साधारण चार आठवड्यांत वर येऊन गळून जातात. किरणांमुळे या नव्या पेशींचा पुरवठाच तुटतो. वरची जुनी कातडी नेहमीप्रमाणे झिजत राहते, खालून भरपाई येत नाही. म्हणूनच परिणाम लगेच न दिसता दोन-तीन आठवड्यांनी दिसतो, आणि उपचार थांबल्यावरही काही दिवस वाढत राहतो. मशीन बंद झालं तरी आधीच्या डोसाचा हिशेब त्वचा नंतर चुकता करते.

काख आणि स्तनाखालची घडी सर्वात आधी बिघडते. तिथं घाम साचतो, कातडीवर कातडी घासते, आणि वळणदार भागावर किरण तिरके पडल्यानं डोसही थोडा जास्त बसतो. ज्यांचा स्तन काढला आहे त्यांच्या छातीवर काही वेळा जेलसारखी एक चादर ठेवून उपचार देतात. तिला बोलस म्हणतात. वरच्या त्वचेलाही पुरेसा डोस मिळावा म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते. अशा वेळी कातडीला जास्त त्रास होणार हे डॉक्टरांनी धरलेलंच असतं. तंबाखू ओढणं, जास्त वजन, मोठा स्तन यांनीही त्रास वाढतो.

पूर्वी २५ दिवसांत ५० ग्रे देण्याची पद्धत होती. ब्रिटनमधल्या स्टार्ट चाचण्यांनंतर १५ दिवसांत ४० ग्रे ही पद्धत सर्वत्र रुजली, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीनंतर काही निवडक रुग्णांना फक्त ५ दिवसांत २६ ग्रेही देतात. कमी दिवसांच्या उपचारात त्वचेचा तात्पुरता त्रास वाढत नाही, उलट कमी होतो. टेक्सासमधल्या एका चाचणीत जुन्या पद्धतीत ६९ टक्के बायकांना त्वचेचा मध्यम किंवा जास्त त्रास झाला, कमी दिवसांच्या पद्धतीत ३६ टक्क्यांना. पण दिवस कमी झाल्यानं एक गोष्ट उलटी होते, ती घरच्यांच्या ध्यानात येत नाही. पाच दिवसांचा कोर्स असेल तर त्वचेचा सगळाच त्रास कोर्स संपल्यावर, घरी सुरू होतो.

'लाल झालं का?' हा आपल्यासाठी चुकीचा प्रश्न

डॉक्टर त्वचेच्या परिणामाचे दर्जे मोजतात. पहिल्या दर्जात हलकी लाली, कोरडी कातडी, बारीक साल सुटणं. दुसऱ्यात गडद लाली, सूज आणि घडीत कातडी निघून ओलसर होणं. तिसऱ्यात घडीबाहेरही मोठा भाग ओला होतो, जरा धक्का लागला तरी रक्त येतं. चौथ्यात खोल जखम. स्तनाच्या आजच्या उपचारात ती फार क्वचित दिसते.

ही मोजपट्टी गोऱ्या कातडीवर बनली आहे. आपल्या सावळ्या, गव्हाळ अंगावर लाली दिसतच नाही. दिसतो तो जांभळट काळेपणा, चकाकी, ताणलेली कातडी. त्यामुळे बाईला आग होत असते आणि समोरचा म्हणतो, "लाल तर काही नाही." आमच्या मते फोनवर विचारण्याचे प्रश्नच बदलायला हवेत. उलट्या हातानं दोन्ही बाजूंना स्पर्श करून पाहा, उपचाराची बाजू जास्त गरम लागते का? आतल्या कपड्याला पाणी लागतं का, कपडा चिकटतो का? उघडी झालेली जागा रुपयाच्या नाण्याएवढी आहे की तळहाताएवढी? रात्री झोप लागते का? या चार उत्तरांवरून डॉक्टरला बराच अंदाज येतो, आणि छातीचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवण्याची वेळही बऱ्याचदा येत नाही. फोटो पाठवावाच लागला तर तो फक्त डॉक्टरांच्या नंबरवर, त्यांना आधी विचारून पाठवावा आणि नंतर दोन्ही ठिकाणाहून काढून टाकावा. फॅमिली ग्रुप तर नकोच.

पाणी लावायचं की नाही

गावाकडं अजून ठाम समज आहे की शेक चालू असताना त्या जागेला पाणी लावायचं नाही. काही ठिकाणी जुना स्टाफही हेच सांगतो. स्कॉटलंडमध्ये १९९० च्या दशकात आणि कॅनडात २००१ मध्ये हा प्रश्न चाचणीत तपासून पाहिला गेला. पाणी आणि सौम्य साबणानं धुतल्यानं त्रास वाढला नाही, उलट धुणाऱ्यांची त्वचा बरी राहिली. तेव्हा अंघोळ करावी. पाणी कोमट असावं, साबण सौम्य आणि हातानं लावलेला, घासणी नको. मऊ सुती कपड्यानं टिपून घ्यावं, पुसू नये. स्तनाखालची घडी ओली राहू देऊ नये.

आमच्या वाचक भगिनींसाठी याचा दुसराही अर्थ आहे. वुजूत छाती धुतली जात नाही, त्यामुळे अडचण येते ती गुस्लच्या वेळी. कातडी शाबूत असेल तर गुस्लमध्ये काही अडचण नाही. कातडी निघाली असेल आणि पट्टी असेल, तर पट्टीवर मसह करण्याची आणि पाणी अपायकारक असेल तर तयम्मुमची मुभा आहे. आपल्या बाबतीत काय लागू होतं ते डॉक्टरांचं म्हणणं सांगून आलिमांना विचारावं. नमाजच्या कयाममध्ये अनेक बायका हात छातीवर बांधतात, नेमके दुखऱ्या जागेवर. हात सैल ठेवणं, बसून नमाज पढणं, या सवलती आजारी माणसासाठीच आहेत. रमजानात उपचार चालू असतील तर रोजे नंतर कजा करता येतात. त्या दिवसांत पाणी आणि जेवण नीट जाणं जरुरीचं.

छातीवर निशाण्या करतात त्या मात्र अंघोळीत जपायच्या. मशीन रोज त्याच जागी लागावं म्हणून त्या असतात. काही केंद्रांत सुईनं ठिपक्याएवढं कायमचं गोंदण करतात, काही ठिकाणी शाई आणि वर पारदर्शक टेप. गोंदण नको असेल तर पहिल्याच दिवशी, निशाण्या करण्याआधी सांगावं. निशाणी पुसट झाली तर घरी पेननं गिरवू नये, तंत्रज्ञांना सांगावं.

काय लावावं, काय नको

कातडी शाबूत असेपर्यंत साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा पुरतं. मशीनच्या आधी जाड थर लावून जाऊ नये. पातळ लावून मुरलेलं असेल तर चालतं. आग आणि खाज कमी करण्यासाठी मोमेटासोनसारखं स्टिरॉइड मलम पहिल्या दिवसापासून लावलं तर फायदा होतो, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. पण ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं, सांगितलेल्या दिवसांपुरतंच. गावातल्या मेडिकलमध्ये 'खाजेची ट्यूब' म्हणून मिळणाऱ्या मलमांत तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही मिसळलेलं असतं. ती लावूच नयेत. आमच्या मते कच्च्या कातडीचं सर्वात जास्त नुकसान या ट्यूबा करतात, घरगुती उपायांपेक्षाही जास्त.

घरगुती उपायांबद्दल थोडं मोकळेपणानं. कोरफड गार वाटते, पण तिच्यावर झालेल्या चाचण्यांत त्वचेचा त्रास टळल्याचं दिसलं नाही. हळदीतल्या कर्क्युमिनच्या गोळ्यांची अमेरिकेत आधी ३० स्त्रियांवर चाचणी झाली, निकाल आशादायक होता. मग साडेसहाशेहून जास्त जणींवर झाली आणि ठोस फायदा दिसला नाही. कच्च्या जागेवर हळद लावली तर रंगामुळे जखम कशी आहे तेही कळत नाही. कॅलेंड्युला नावाच्या फुलाच्या मलमानं फ्रान्समधल्या एका चाचणीत बरा परिणाम दाखवला, पण ते ठरावीक औषधी मलम होतं, कुंडीतल्या झेंडूचा रस नव्हे. कलौंजीचं तेल, तूप, खोबरेल, टूथपेस्ट, चुना, राख यांतलं काहीही निघालेल्या कातडीवर नको. बर्फ थेट लावू नये. टाल्कम पावडर घडीत घट्ट बसून गोळे धरते. अत्तर कपड्याला लावायला हरकत नाही, उपचाराच्या कातडीला नको.

हिजामाबद्दल विचारणारे खूप असतात. उपचार झालेल्या छातीवर, काखेत आणि त्या बाजूच्या हातावर हिजामा करू नये. काखेतल्या गाठी काढलेल्या असतात, तिथून पाणी वाहून जाण्याचा रस्ता आधीच अरुंद झालेला असतो. अशा हाताला कापे घेतले तर जंतुसंसर्ग आणि कायमची सूज यांचा धोका असतो.

कातडी ओली झाली की उपाय बदलतो. तेव्हा क्रीमऐवजी न चिकटणारी पट्टी लागते, आणि ती सिस्टरकडून शिकून घ्यावी लागते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी जांभळं औषध, म्हणजे जेन्शियन व्हायोलेट लावतात. स्वस्त आहे, जंतू मारतं, पण कातडी वाळवून ताणतं आणि खालची जागा झाकून टाकतं. जखम थोडी ओलसर ठेवून भरू देणाऱ्या पट्ट्या जास्त आराम देतात. पहिल्या दिवसापासून स्तनावर पातळ पारदर्शक फिल्म चिकटवून ठेवण्याची पद्धतही आली आहे. कॅनडात ३७६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत मेपिटेल नावाची फिल्म लावलेल्यांपैकी १५.५ टक्क्यांना मध्यम किंवा जास्त त्रास झाला, नेहमीच्या काळजीत ४५.६ टक्क्यांना. फरक मोठा आहे. पण फिल्म महाग असते, लावायला शिकलेला माणूस लागतो, आणि आपल्या उन्हाळ्यातल्या घामात ती किती टिकेल हा वेगळाच प्रश्न. परवडत असेल तर विचारून पाहावं. परवडत नसेल तर उपचार कमी दर्जाचा झाला असं मुळीच समजू नये.

कपडे, ऊन, काम

नगरच्या एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. घट्ट ब्रा, त्यावर सिंथेटिक कुर्ता, त्यावर नायलॉन मिश्रित बुरखा, आणि एसटीतली गर्दी. असा प्रवास रोज पंधरा दिवस म्हणजे कच्च्या कातडीची परीक्षाच. आत मऊ सुती, उलटा घातलेला बनियन चांगला, म्हणजे शिवण कातडीला घासत नाही. बुरखा सैल आणि पातळ कापडाचा. मानेच्या बाजूलाही किरण देत असतील तर दुपट्ट्याची पिन, काळी पोत, लच्छा त्या दिवसांत काढून ठेवावा. मानेच्या मुळाशी तोच घासतो. उपचार झालेल्या कातडीवर थेट ऊन पडू देऊ नये, हे पुढं वर्षभर तरी पाळावं.

संगमनेर आणि नगर शहरात विडी वळणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. हाताचं काम बसून होतं म्हणून त्या लवकर सूप मांडीवर घेतात. ओल्या कातडीवर तंबाखूची धूळ आणि घाम, दोन्ही झोंबतात. कातडी भरेपर्यंत थांबता आलं तर थांबावं, नाहीतर निदान जागा पट्टीनं पूर्ण झाकून काम करावं. ऊसतोडीला किंवा कांदा काढणीला जाणाऱ्यांना खांद्याची हालचाल आणि ऊन दोन्हीचा त्रास. मुकादमाला किती दिवस सांगायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं.

खांद्याचे व्यायाम मात्र बंद करू नयेत. कातडी ताणते म्हणून बायका हात अंगाशी धरून बसतात आणि महिन्याभरात खांदा आखडतो. मग केस विंचरणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, सगळंच अडतं.

जगणं कसं मोजतात

त्वचेचा त्रास सेंटीमीटरमध्ये मोजता येतो, जगण्याचा नाही. त्यासाठी युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेनं दोन प्रश्नावल्या बनवल्या. एकीत ३० प्रश्न, सर्व कॅन्सरसाठी. दुसरीत २३, फक्त स्तनाच्या कॅन्सरसाठी. टाटा मेमोरियलमधल्या संशोधकांनी या दोन्ही मराठीत आणि हिंदीत आणून आपल्या रुग्णांवर तपासून घेतल्या. म्हणजे 'कसं वाटतंय?' या प्रश्नाचं मराठी माप आपल्याकडे आहे. त्यात स्तनाची सूज, दुखणं, कातडीची खाज विचारतात, हात वर करता येतो का ते विचारतात. स्वतःचं शरीर बघवतं का, नवऱ्याशी जवळीक कशी आहे, पुढच्या तब्येतीची किती चिंता वाटते, हेही विचारतात.

हे शेवटचे प्रश्न आपल्या घरांत कुणी विचारत नाही. बाईही सांगत नाही. खोलीचा दिवा बंद करून कपडे बदलणारी, आरशावर कापड टाकणारी, मुलीला मिठी मारताना एक खांदा वळवणारी बाई आपल्या आसपास असते आणि आपण म्हणतो, "मा शा अल्लाह, आता ठीक आहे." पती-पत्नींना डॉक्टरांनी आपण होऊन सांगायला हवं की जवळीक ठेवायला हरकत नाही, फक्त दुखऱ्या जागेवर दाब नको. बाहेरून दिलेल्या किरणांमुळे बाईच्या अंगात काही उरत नाही, तिच्याजवळ बसल्यानं कुणाला बाधा होत नाही. तिचं ताट वेगळं करणं, नातवंडांना दूर ठेवणं, याला काहीही आधार नाही. असं ताट वेगळं झालं की कातडीची जखम भरते, पण तो ओरखडा राहतो.

थकवाही खरा असतो. तो उपचार संपल्यावर काही आठवडे टिकतो. "आता शेक संपला, चल स्वयंपाकाला" असं म्हणणाऱ्या घरांनी हे वाचावं.

मध्येच सोडू नये

कातडी काळी पडली, ओली झाली, की घरची मंडळी म्हणतात, "अंग जाळून टाकलं, बस झालं." हा निर्णय सर्वात महागात पडतो. किरणोपचाराचा डोस ठरावीक दिवसांत बसवलेला असतो. मध्ये मोठा खंड पडला तर राहिलेल्या कॅन्सरच्या पेशींना सावरायला वेळ मिळतो. त्रास फार असेल तर डॉक्टर स्वतः दोन-चार दिवस थांबवतात आणि हिशेब जुळवून घेतात. न सांगता घरी बसणं आणि सांगून थांबणं यात फरक आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तरी बुडालेली मजुरी, परगावी राहणं, सोबत येणाऱ्याचा दिवस, हे कोणत्याच कार्डावर येत नाही. उपचार अर्धवट सुटतात ते बऱ्याचदा इथंच. जकात आणि सदक्याच्या पैशांतून औषधाची बिलं भरली जातात, ते चांगलंच आहे. पंधरा दिवसांच्या खोलीभाड्याचा विचारही मस्जिद कमिट्यांनी करावा, असं आम्हाला वाटतं.

गावी परतल्यावर

जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला आणि कमी शिकलेल्या गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं. जुनी मुलं जन्माला घालणारी सुईण असो की रक्तदाब मोजणारी सेविका, गावातल्या बाईचं गावातली बाई ऐकते, हा धडा याच जिल्ह्यानं देशाला दिला. शेवटच्या शेकानंतरच्या पंधरा दिवसांत आशाताईंनी दोनदा घरी जाऊन वरचे चार प्रश्न विचारले तरी पुष्कळ होईल. रुग्णालयातून निघताना घरच्यांनी तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात : एकूण किती डोस झाले, कोणतं मलम किती दिवस, आणि त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन.

ताप आला, जखमेतून पू किंवा घाण वास येऊ लागला, उघडी जागा तळहाताहून मोठी झाली, रक्त थांबेना, किंवा दुखण्यामुळे सलग दोन रात्री झोप लागली नाही, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. एरवी ओली जागा बहुतेक बायकांत दोन ते चार आठवड्यांत भरते. काळेपणा जायला महिने लागतात, थोडा राहूही शकतो. पुढं काही महिन्यांनी, वर्षांनी तिथं बारीक लाल रेषा दिसू शकतात, कातडी जाड आणि कडक लागू शकते. आणि किरणोपचारानंतर कधी केमोथेरपी सुरू झाली आणि जुन्या जागेवर अचानक पुन्हा आग, काळेपणा आला, तर तो आजार परतलेला नसून काही औषधांनी जुनी जागा पुन्हा जागी होण्याचा प्रकार असू शकतो. केमो देणाऱ्या डॉक्टरांना छातीच्या कोणत्या बाजूला आणि कधी शेक झाला होता, हे त्या कागदावरून दाखवावं.